संगणकात बांधलेली बारव, आणि ऊसतोडीला गेलेला गडी

खडूफळा | २१ डिसेंबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी. लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले. आज लाइट आहे आणि पेपर तपासायचा कंटाळा आलाय, म्हणून बसलो.

मी गंगाखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सहावी-सातवीला. शाळेत संगणक दहा, चालतात सहा, तेही दोन जीबी रॅमचे. आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानं त्यांवर लिनक्स टाकून दिलं आणि सोबत लुआंटी नावाचा खेळ. आधी त्याचं नाव माइनटेस्ट होतं, २०२४ मध्ये बदललं. दिसायला माइनक्राफ्टसारखा, पण फुकट. सगळं जग ठोकळ्यांचं. ठोकळा खणायचा, दुसरीकडं लावायचा. सहाही संगणक वायरीनं एकमेकांना जोडले की सहा लेकरं एकाच जगात शिरतात. इंटरनेट लागत नाही.

आता गावाबाहेर आमची एक बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. वालूरच्या चक्राकार बारवेसारखी किंवा चारठाण्याच्या बारवेसारखी नावाजलेली नाही. चौकोनी, चारही बाजूंनी उतरायला पायऱ्या. जुन्या शिल्पग्रंथांत एका वाटेची ती नंदा, दोन वाटांची भद्रा, तीनची जया आणि चारची विजया, म्हणजे आमची विजया झाली. मी पोरांना म्हणालो, ही बारव खेळात बांधा. मला वाटलं आठवड्याचं काम आहे. दिवाळीच्या आधी सुरू केलं, अजून चाललंय.

पहिलं भांडण मापावरून. खेळातला ठोकळा एक मीटरचा धरतात. एक मीटरची पायरी कुठं असते का? मग ठरलं, एक ठोकळा म्हणजे एक फूट. मोजायला गेलो तर शाळेचा टेप पंधरा मीटरचा, म्हणजे पन्नास फुटाला संपतो, आणि बारवेची बाजू निघाली बासष्ट फूट. पोरींनी काथ्याची दोरी आणून फुटाफुटाला गाठी मारल्या. चारही बाजू बासष्ट भरल्या. सगळे खूश, चौरस झाला म्हणून. मी म्हटलं, कर्ण मोजा. तोंडावरून दोरी आडवी ताणली तर एक कर्ण अठ्ठ्याऐंशी फूट पाच इंच आणि दुसरा शहाऐंशी फूट अकरा इंच. तीन वेळा मोजलं. शेवटी एक पोरगी म्हणाली, "सर, हा चौरस नाहीच. समभुज चौकोन आहे." बारा वर्षं शिकवतोय, समभुज चौकोन असा कुणाला बारवेच्या काठावर सापडलेला मी पाहिला नव्हता. आता ठोकळे काही तिरके बसत नाहीत. म्हणून खेळातली बारव चौरसच ठेवलीय आणि तोंडाशी पाटी लावलीय: खरी बारव थोडी तिरकी आहे.

दुसरी गंमत. खेळातला माणूस पावणेदोन ठोकळे उंच. आमच्या मापात पावणेदोन फूट. त्यामुळं बारव अशी अजस्र दिसते की पहिल्या दिवशी एकजण ओरडला, "सर, आपण मुंग्या झालो!" आणि एक ठोकळा उंच पायरी चालून चढता येत नाही, दर पायरीला उडी मारावी लागते. सगळी बारव उड्या मारत चढायची. त्यावर एकीचं म्हणणं, "माझ्या आजीला खऱ्या बारवेत असंच होतं."

तिसरं भांडण पाण्याचं. कुणीतरी वरच्या पायरीवर पाण्याचा ठोकळा ठेवून पळालं, पायऱ्यांवरून धबधबा. चोर पकडायची सोय आहे बरं. कुठल्या ठोकळ्याला शेवटी कुणाचा हात लागला ते खेळ सांगतो, मात्र ती नोंद ठेवायची आज्ञा आधीच देऊन ठेवावी लागते. दिली होती. चोर सापडला. वर्गप्रमुखच निघाला.

आता खरी अडचण सांगतो. या सगळ्यात ज्याचा हात सर्वांत चांगला, तो सातवीतला पठ्ठ्या दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला गेला. दरवर्षी जातो. हंगामी वसतिगृहात राहा म्हटलं तर धाकट्या बहिणीला कोण सांभाळणार? जाताना एक वाद अर्धा सोडून गेलाय. पश्चिमेच्या पायऱ्या किती? पाण्याच्या वर एकोणीस दिसतात. दोरीला दगड बांधून एकीनं पाणी मोजलं, तीन फूट. म्हणून ती म्हणते बावीस. पठ्ठ्या म्हणतो चोवीस, कारण उन्हाळ्यात पोहताना त्यानं पायानं मोजल्यात. एकोणिसाव्या पायरीखाली आम्ही लाल ठोकळे लावून ठेवलेत. त्याला पोरं 'वादाच्या पायऱ्या' म्हणतात.

बापाकडं स्मार्टफोन आहे. पठ्ठ्या तिकडून या जगात कसा येईल? जाणकारांनी सांगा.

शंकासूर | २१ डिसेंबर, रात्री १०:१५

मास्तर, राग मानू नका. गावात खरी बारव असताना ती संगणकात बांधायची कामून? लेकरांना बारवेवर न्या, गाळ काढा, झाडं लावा. मोबाइलनं आधीच पोरं वाया चाललीत. आमच्या गावच्या शाळेत पावसाळ्यात वर्गात छत्री लागते, अन् इथं आभासी जग! आधी पत्रे नीट करा.

खडूफळा | २१ डिसेंबर, रात्री १०:५२

पत्र्याचं म्हणाल तर आमचाही एक वर्ग गळतो, त्यावर वेगळा धागा काढू, शंभर प्रतिसाद पक्के. पण बारवेवर नेण्याचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी सहल नेली होती. फोटो काढले, भेळ खाल्ली, परत आलो. पायऱ्या किती विचारलं तर एकालाही सांगता येईना. या खेळापायी आम्ही आतापर्यंत नऊ वेळा बारवेवर गेलोय. दर वेळी काहीतरी अडतं. कोनाडा कितव्या पायरीपाशी आहे, हा दगड खालच्यापेक्षा किती पुढं आलाय. बांधायला बसल्याशिवाय हे प्रश्न पडत नाहीत हो, मलाही पडले नव्हते.

शंकासूर | २१ डिसेंबर, रात्री ११:०४

नऊ वेळा? बरं. वाचतोय.

देवगिरीची लेक | २२ डिसेंबर, दुपारी १:२०

सर, फार आवडलं. मी महाविद्यालयात शिकवते, हा प्रकार एकदा वेगळ्या रूपात पाहिलाय म्हणून लिहिते.

२००३ मध्ये लिंडन लॅब या कंपनीनं सेकंड लाइफ नावाचं इंटरनेटवरचं आभासी जग सुरू केलं. पुढं चार-पाच वर्षांनी परदेशी विद्यापीठांची तिथं आभासी बेटं घ्यायची झुंबड उडाली. मी तेव्हा औरंगाबादेत तासिका तत्त्वावर लागले होते. नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून तिथलं एक व्याख्यान ऐकायला गेले. वेग इतका कमी की सभागृह राखाडी आणि माणसांच्या जागी नुसते ढग. हळूहळू ढगांची माणसं झाली आणि पाहते तर काय, सगळी खुर्च्यांवर ओळीनं बसलेली, पुढं फळा, फळ्यावर स्लाइड! त्या जगात माणसाला उडता येतं. उडता येणारी माणसं हाताची घडी घालून बसली होती. नवं जग मिळालं आणि आपण त्यात जुना वर्गच नेऊन ठेवला. पुढं २०११ पासून कंपनीनं शिक्षणसंस्थांना मिळणारी निम्म्या दराची सवलत बंद केली, तेव्हा पुष्कळ जणांनी बेटं सोडली. २०१३ मध्ये सवलत परत आली, पण तोवर जत्रा उठली होती.

याच्या उलट हार्वर्डच्या ख्रिस डीड यांच्या गटाचं रिव्हर सिटी हे आभासी जग. एकोणिसाव्या शतकातलं एक शहर, लोक आजारी पडताहेत. मुलांनी गटानं हिंडायचं, रहिवाशांना विचारायचं, पाण्याचे नमुने तपासायचे आणि कारण शोधायचं. मेख अशी की आजार एक नाही, तीन मिसळलेले. एक पाण्यातून पसरणारा, एक हवेतून, एक डासांतून. मुलांनी एक अंदाज धरायचा, शहरातली एकच गोष्ट बदलायची आणि आजारी कमी होतात का पाहायचं. इथं कुणी व्याख्यान देत नव्हतं. तुमची बारव या जातकुळीतली आहे.

तुरीचं रान | २२ डिसेंबर, दुपारी ३:०५

ताई, हे रिव्हर सिटी आमच्या वस्तीत करा. मी आशा कार्यकर्ती आहे. दर पावसाळ्यात घरोघर जाऊन सांगते, रांजण आठवड्यातून एकदा कोरडा करा. मान डोलावतात, अन् पुढच्या वेळी रांजणात अळ्या तशाच. लेकरानं स्वतः शोधून काढलं तर घरी जाऊन आईचं डोकं खाईल, तेव्हा कुठं रांजण पालथा होईल.

एक विचारायचं आहे सर. माझा मुलगा रोब्लॉक्स खेळतो, तिथं अनोळखी माणसं बोलतात त्याच्याशी. मला भीती वाटते. तुमच्या खेळात कुणी परकं घुसलं तर?

खडूफळा | २२ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

ताई, सध्या वायर शाळेच्या खोलीबाहेर जात नाही, त्यामुळं घुसलंच तर शेळी घुसेल. (एकदा घुसली होती. खऱ्या खोलीत.) पठ्ठ्यासाठी दार उघडलं की मग तुमची काळजी खरी. बाभळबन दादा, तुम्ही या धंद्यातले, बोला की.

बाभळबन | २३ डिसेंबर, रात्री १२:१०

आलो. मूळचा परभणीचा, पोटापाण्यासाठी पुण्यात सर्व्हर सांभाळतो.

शाळेतला संगणक मोबाइलच्या इंटरनेटला जोडून पठ्ठ्याला बोलावता येणार नाही. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण बाहेरून तुमचं दार कुणाला सापडत नाही. वाड्याचा पत्ता माहीत, खोली कुठली ते माहीत नाही, तसं. त्यामुळं बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, जग तिथं ठेवायचं, शाळा आणि पठ्ठ्या दोघांनीही तिथं जायचं. महिन्याचं भाडं चार-पाचशे रुपये. या हंगामापुरतं मी भरतो, त्यावर चर्चा नको.

खेळाची आवृत्ती दोन्हीकडं सारखीच ठेवा, नाहीतर जोडणी अडू शकते. अँड्रॉइडवर तो चालतो. पहिल्यांदा जोडताना चित्रं आणि आवाज उतरवून घेतो, तेवढं कुठंतरी बऱ्या रेंजमध्ये करायला सांगा, पुढं ते फोनमध्येच राहतं. व्हिडिओ कॉलच्या मानानं डेटा कमी जातो. फोनवर बोट दाबून धरलं की ठोकळा खणला जातो, टिचकी मारली की बसतो.

तुरीचं रान ताई, सर्व्हर जाहीर यादीत टाकायचाच नाही. प्रत्येक लेकराला सरांनी नाव आणि पासवर्ड द्यायचा, नवीन खातं उघडणं बंद. रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी जग दुसऱ्याचं असतं, इथं किल्ली सरांकडं.

आणि सर, जगाचं फोल्डर दर शनिवारी पेनड्राइव्हवर घ्या. हे कामून सांगतो? गूगलचं एक्सपेडिशन्स आठवतंय? पुठ्ठ्याच्या चष्म्यातून मुलांना जगभर फिरवायचं. जून २०२१ मध्ये बंद. मायक्रोसॉफ्टचं आल्टस्पेस, आभासी भेटीगाठींची जागा, मार्च २०२३ मध्ये बंद. मोझिलाचं हब्ज, तसलंच पण ब्राउझरमध्ये चालायचं, मला फार आवडायचं, मे २०२४ मध्ये त्यांनी आपली सेवा थांबवली. फक्त त्याचा कोड खुला होता म्हणून लोकांना तो आपापल्या सर्व्हरवर चालवता येतो. शिक्षकांनी वर्षभर खपून बांधायचं आणि कंपनीनं एका ईमेलनं कुलूप लावायचं. बारव तुमच्या पेनड्राइव्हवर असली म्हणजे कुणाच्या बापाला बंद करता येत नाही.

कातळकोर | २८ डिसेंबर, सकाळी ८:००

मी वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवतो. धागा वाचून भाच्यांवर प्रयोग केला.

सोळा नंबरचं कैलास लेणं. राष्ट्रकूटांचा कृष्ण पहिला, आठवं शतक. रोज लोकांना सांगतो, हे बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय. लोक 'हो का' म्हणतात आणि सेल्फी काढतात. भाच्यांना खेळात दगडाचा सलग डोंगर दिला आणि एकच नियम घातला: काढायचं, लावायचं नाही. शिखर आधी, पाया शेवटी. अर्ध्या तासात थोरल्यानं चुकून हत्तीची सोंड उडवली. परत लावू म्हणाला. म्हटलं, नाही. गप्प बसला. मग म्हणतो, "मामा, त्या लोकांची छिन्नी चुकली तर काय करत असतील?" पर्यटकांनी मला हजार प्रश्न विचारले असतील, हा कुणी विचारला नव्हता. मलाही उत्तर आलं नाही.

पोळपाट | २८ डिसेंबर, सकाळी ११:४२

वाचनखूण साठवली. शंकासूर गप्प का?

शंकासूर | २८ डिसेंबर, दुपारी १२:३०

वाचतोय म्हटलं ना एकदा.

जुनं गावठाण | ९ जानेवारी, रात्री १०:२०

लिहू की नको असं चाललं होतं.

आमचं गाव किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं असताना भूकंप झाला. मी नऊ वर्षांचा होतो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आम्ही राहतो ते पुनर्वसनातलं गाव, सरळ रस्ते, प्लॉट नंबर. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत.

धागा वाचून पोरानं खेळ उतरवला. म्हणाला, आजीचं जुनं घर बांधू. मी नको म्हणत होतो. आई शेजारी येऊन बसली, चष्मा लावून. "वेशीतून आलं की उजव्या हाताला मारुती. डाव्या नाही रे, उजव्या." पोरगं पाडतंय, परत लावतंय. भिंतीला आलं तेव्हा आई म्हणाली, इतकी जाड. हात पसरून दाखवलं. पोरानं फुटाच्या हिशोबानं अडीच-तीन ठोकळे धरले. वर माळवद, म्हणजे सपाट छत, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी आणखी एक थर पडायचा. पोरगं विचारतंय, एवढं वजन खाली कोण पेलायचं? मी सांगितलं, मातीत रचलेले दगड. सिमेंट नाही, भिंती बांधून धरणारा काँक्रीटचा पट्टा नाही. पोरगं बराच वेळ त्या भिंतीकडं बघत होतं. भूकंपाचा धडा त्याच्या पुस्तकात होता, पाठही होता.

आई म्हणाली, "चुलीची बाजू चुकली," आणि उठून आत गेली. मला वाटलं, झालं, उगाच केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनंच पोराला हाक मारली, ये, गल्ली राहिली.

आतापर्यंत अकरा घरं झालीत. एकेक घर झालं की त्या घरातल्या माणसांची नावं ती सांगते. पोरगं पाटीवर लिहितं.

देवगिरीची लेक | ९ जानेवारी, रात्री १०:५८

दादा, आईंना नमस्कार सांगा. आणि बाभळबन म्हणाले ते करा, पेनड्राइव्हवर घ्या. दोन घ्या.

खडूफळा | २ फेब्रुवारी, रात्री ९:१५

पठ्ठ्या आला!

महिनाभर लागला. आधी बापाच्या फोनची आवृत्ती जुनी, मग मुकादमाला संशय की पोरगं फोनवर काय करतंय. फडावरून यायला अंधार पडतो, कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, लाइट नाही, फोन कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडून चार्ज करून आणतात. परवा पावणेआठला पडद्यावर त्याचं नाव उमटलं. आमची सहा पोरं शाळेत थांबली होती, पालकांना विचारून. एकानंही नमस्कार-बिमस्कार केला नाही. पठ्ठ्या थेट पश्चिमेच्या पायऱ्यांवर गेला आणि पहिलं वाक्य लिहिलं, "लाल कोणी काडल".

तीन लाल ठोकळे खरंच गायब होते. दगडवाल्या पोरीनं काढले होते, बावीस पक्क्या मानून. जुंपली. लिहून भांडायचं म्हणजे हळू भांडण, त्यामुळं कारणं द्यावी लागतात. ती म्हणाली, पाणी तीन फूट, पायरी फुटाची, मोज. तो म्हणाला, दगड गाळावर बसला असंल, गाळाच्या खाली पायरी नसते का? ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग तिनंच लाल ठोकळे परत लावले, दोन जास्तीचे. आठ वीसला त्याची रेंज गेली.

त्याची शाळा यानं भरून निघत नाही, हे मला कळतं. सहा महिन्यांची शाळा आठवड्यातल्या अर्ध्या तासात मावत नाही. तिकडच्या शाळेत त्याचं नाव लागावं म्हणून खटपट चालू आहे, कागद फिरताहेत. पण इतर वर्षी हे पोरगं परत यायचं तेव्हा पाहुण्यासारखं मागच्या बाकावर बसायचं.

शंकासूर | २ फेब्रुवारी, रात्री ९:४४

मास्तर, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. तीस मीटरचा टेप पाठवतो. अठ्ठ्याण्णव फूट भरतो, तुमचा कर्ण आरामात मावेल. दोरी ताणली की लांबते, दीड फुटाचा फरक दोरीचा तर नाही ना, तेही कळेल.

खडूफळा | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:०५

टेप पोचला, आभार. कर्ण परत मोजले. दोरीचा फरक दोनच इंच निघाला. बारव तिरकीच आहे. पाटी तशीच ठेवलीय.

तुरीचं रान | ३ मार्च, दुपारी २:१०

सर, पठ्ठ्या कधी येणार परत?

खडूफळा | ३ मार्च, रात्री ८:३०

पट्टा पडला की, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला की. कारखाना कधी थांबतो त्यावर.

खडूफळा | ११ मे, दुपारी १२:५०

बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं म्हणून लिहितो. पट्टा पडला, मंडळी गावात आली. सुट्ट्या लागल्यात तरी आज सकाळी सातला सगळे बारवेवर हजर. पाणी पार खाली गेलंय, तळाला हिरवं डबकं तेवढं उरलंय. पठ्ठ्या पुढं, दगडवाली मागं, दोघंही मोठ्यानं मोजत उतरले. खाली फावड्यानं गाळ ओढला.

तेवीस निघाल्या.

दगडवाली म्हणते, माझी एकानं चुकली, त्याचीही एकानं, म्हणजे बरोबरी. पठ्ठ्या अजून फावडं सोडायला तयार नाही. ऊन तापलंय, मी घरी चला म्हणतोय, आणि तो गुडघाभर चिखलात उभा राहून सांगतोय की चोविसावी पायाला लागतीय.